तिसरा नंबर

प्लगची तिसरी वायर काढली
आणि आवाज निम्मा झाला.
मेहुलला म्हटलं, ऐक, हा टॅपेट नव्हे,
टॅपेट चिडचिडतो, हा ठोकतो,
चढाला जास्त, उताराला गप्प.
तिसऱ्या रॉडचं बेअरिंग.

दांडिया बाजारच्या खानविलकरबाईंची फियाट.
बाई रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त,
गाडी अजून नाही.

इंजिन स्टँडवर उलटं टाकलं, संप काढला.
तळाशी गाळ, गाळात राखाडी चमक,
बोटाला लागली तर तीन धुण्यांत जात नाही.
बेअरिंग मऊ ठेवतात ते यासाठीच:
कचरा आला तर त्यानं आपल्या अंगात रुतवून घ्यावा,
क्रँकला ओरखडा पडू देऊ नये.
हे सांगतो तेव्हा मेहुल मान हलवतो
आणि मोबाइल बघतो.

एक नंबरची कॅप निघाली. बरी आहे.
दोनच्या शेलचा वरचा थर उडालेला,
खरचटल्या गुडघ्यासारखं आतलं तांबं दिसतं.
चारही तसंच.
तीन सुटेना.
लाकडी हातोडीच्या दोन टिचक्या,
कॅप हातात आली, शेल घसरला
आणि शेलच्या पाठीमागून एक पट्टी पडली.
पत्र्याची. कोल्डड्रिंकच्या डब्याची,
कात्रीनं कापलेली, कडा घासून घेतलेल्या.
लाल रंग तेलानं काळवंडलेला,
एक अक्षर अर्धं शाबूत.

मेहुल हसत सुटला. "आ कोणे कर्युं, काका?
कोण कारीगर हतो?"

उत्तरायण होतं.
रतिभाईंच्या ग्राइंडरला कुलूप,
मकरपुऱ्यात एक शटर वर नाही,
अख्खं बडोदं गच्चीवर, रतिभाईंच्या हातात फिरकी.
बाईंना वासी उत्तरायणाच्या पहाटे सुरत गाठायची होती,
भाऊ दवाखान्यात.
तिसरा जर्नल अंडाकृती. मायक्रोमीटर दोनदा लावला,
दोनदा वेगळं बोलला.
पोरांनी टाकलेला डबा दारात पडला होता.
कात्री माझ्याकडे होती.
बिलात लिहिलं: क्रँक ग्राइंडिंग, चार जर्नल.
बाईंनी पैसे दिले, नोटांची तोंडं
एका दिशेला लावून.

चौदा वर्षं.
सुरत, परत सुरत, पावागडचा चढ,
आणि पट्टीनं तोंड उघडलं नाही.

"असेल कुणी घाईतला," मी म्हणालो.

मग सगळं रीतसर.
ग्राइंडरवर आता रतिभाईंचा मुलगा बसतो,
चारही जर्नल वीस थाऊ उतरवले.
नवे शेल वीसचेच, पाकिटावर वाचले, पाठीवरही वाचले.
पाठ कोरडी, कान खाचेत.
मेणाचा धागा ठेवून कॅप आवळली, सोडली,
चपटा धागा कागदी मापाशी धरला:
दोन थाऊ.
तेलाला राहायला एवढी खोली पुरते.
धागा पुसून तेल लावलं.
शेवटचा टॉर्क मेहुलनं दिला,
मी नुसतं 'कट्' ऐकत होतो, आठ वेळा.
क्रँक एका हातानं फिरला.

मेहुल चहाला गेल्यावर
तीन नंबरची कॅप मी पुन्हा उघडून बघितली.
शेलच्या मागं काही नव्हतं.
काय असणार.

बाई बिल वाचतात ते ओळीवर बोट ठेवून.
शेल, गॅस्केट, ऑइल, फिल्टर, मजुरी.
बोट थांबलं.
"ग्राइंडिंग लिहायचं राहिलं."
"ते तुम्ही दिलंय."
"कधी?"
"मागच्या वेळी."
बाईंनी माझ्याकडे बघितलं,
न जुळणाऱ्या रकमेकडे बघावं तसं, बराच वेळ,
मग पर्समधलं पेन काढून
बिलाच्या कोपऱ्यात काही बारीक लिहिलं.
मला वाचता आलं नाही.
नोटांची तोंडं एका दिशेला.

प्रतापनगरचा पूल चढेपर्यंत
मी गाडीला कान लावून उभा होतो.

पट्टी मेहुलनं कॉम्प्रेसरच्या खिळ्याला टांगलीय,
येईल त्याला दाखवतो.
पंखा लागला की हलते.
काढायला मी दोनदा उठलो,
दोन्ही वेळा कुणीतरी गिऱ्हाईक आलं.